एकसारखा दाणा

गेली सव्वीस वर्षं मी दोन पृष्ठभागांमधली फट मोजून पोट भरतो आहे. माझं शिक्षण यंत्र अभियांत्रिकीचं, आणि त्यातही काम अचूकतेचं. डिझेलच्या पंपातला दट्ट्या आणि तो ज्या नळीत सरकतो ती नळी, यांच्यामध्ये किती जागा असावी या प्रश्नावर माझी उमेदीची वर्षं गेली. ती जागा केसाच्या जाडीहून कितीतरी कमी असते. त्या जागेत राहून राहून माणसाला एक सवय लागते: जे मोजता येत नाही ते नसतंच असं त्याला वाटू लागतं. मला वाटू लागलं होतं. हे मी आता कबूल करतो आहे, पण त्या वेळी मी त्याला शिस्त म्हणत असे.

पुढे मी एका संशोधन केंद्रात आलो. तिथे उपयोजित संशोधन चालतं. उपयोजित म्हणजे ज्याचा कुणाला तरी उपयोग व्हावा असा हेतू आहे ते. हेतू फाइलीच्या पहिल्याच पानावर असतो, आणि पहिलं पान सगळे वाचतात. दोन-तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे वरई सडण्याच्या, म्हणजे तिचं कवच काढण्याच्या, हातयंत्राचा प्रकल्प आला आणि तो मी हात वर करून मागून घेतला. कारण सांगितलं ते असं: माझं लहानपण जव्हारला गेलं, वडील एसटीच्या डेपोत होते, त्या भागाचं ऋण फेडायचं आहे. खरं कारण असं की पंपातल्या फटीवर आता कुणी माझा सत्कार करत नव्हतं.

वरई म्हणजे शहरात उपवासाला भगर म्हणून मिळते तीच. शेतातून येते तेव्हा तिच्या बारीक दाण्यावर एक चिवट कवच असतं. मोखाडा तालुक्यातल्या पाड्यांवर बाया ते जात्यावर भरडून काढतात, मग उखळात सडतात, मग सुपात पाखडतात, आणि पुन्हा पहिल्यापासून. एका वेळच्या भातासाठी अर्धी सकाळ जाते. आम्हाला ही अर्धी सकाळ वाचवायची होती. कल्पना सोपी होती: दोन चकत्या, एक स्थिर, एक फिरती, दोन्हींवर रबराचा थर, आणि मधे दाण्याच्या मापाची फट. कवच फुटावं, दाणा फुटू नये. फट म्हटल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी विनयाने मान खाली घातली.

यंत्र बनवण्याआधी वापरणाऱ्या बायांच्या भूमिकेत शिरायचं असतं. त्यासाठी आम्ही दोन दिवसांची कार्यशाळा घेतली. वातानुकूलित सभागृहात एक जातं आणलं आणि बारा इंजिनियर आळीपाळीने त्यावर बसले. भिंतीवर गुलाबी, पिवळे कागद चिकटवले. ‘तिला काय वाटत असेल?’ या मथळ्याखाली मी स्वतः ‘पाठ’ असं लिहिलं, कारण माझी दुखत होती. मग बायांच्या कोपराची सरासरी उंची एका तक्त्यातून काढली आणि त्या उंचीला यंत्राचा दांडा बसवला. यंत्र जिथे जाणार होतं त्या पोशेरा गावी एक फोन करून विचारलं असतं, की तुम्ही दळताना उभ्या राहता का, तर हे सगळं वाचलं असतं. पण फोन करणं ही संशोधनाची मान्य पद्धत नाही.

पोशेऱ्याच्या वरच्या अंगाला एक पाडा आहे, तिथल्या एका घरात आम्ही यंत्र ठेवलं. घरात त्या वेळी एकटी म्हातारी होती. मुलगा आणि सून दिवाळीनंतर भिवंडीच्या बाजूला कामाला गेले होते, ते पेरणीच्या तोंडाशी परत येणार होते. मी म्हातारीला आजी म्हणत असे. त्या मला सायेब म्हणत आणि अरे-तुरे करत, तिकडे सगळे एकमेकांना तसंच बोलतात. मला ते आवडायचं, आणि मला ते आवडतं हे मी केंद्रात सांगायचो.

आजींनी यंत्राभोवती एक फेरी मारली.

“हे उभ्यानं फिरवायचं?”

“हो आजी. पाठीला त्रास नाही.”

“उभ्यानं कोण दळतंय? घरात बसायला जागा नाय काय?”

त्यांनी दुसऱ्या दिवशी यंत्राचे पाय काढायला लावले. मग ते जमिनीवर ठेवून, एक पाय लांब पसरून त्या बसल्या, तेव्हा दांडा त्यांच्या कपाळाच्या रेषेत आला. मी माझ्या वहीत ‘वापरकर्तीची बैठक अपेक्षेप्रमाणे नाही’ अशी नोंद केली. वहीत चूक नेहमी वापरकर्तीचीच असते.

पण दांड्याचं मी निभावून नेलं असतं. निभेना ते फटीचं. केंद्रात आम्ही ज्या वरईवर चाचण्या घेतल्या ती पुण्याच्या एका व्यापाऱ्याकडून आणलेली, चाळलेली, एका मापाची होती. तिच्यावर आमचं यंत्र शहाण्यासारखं चालायचं. आजींच्या कणगीतली वरई घातली की ते बिघडायचं. अर्धे दाणे कवचासकट खाली पडायचे, उरलेल्यातल्या पुष्कळांचा चुरा व्हायचा. मी फट वाढवली, कमी केली, पुन्हा वाढवली. कमी केली की मोठे दाणे मरायचे, वाढवली की लहान सुटायचे.

“आजी, ही वरई अशी लहान-मोठी का?”

“खायाची हाय ती. खालच्या शेतातली गरवी आणि माळावरची हळवी, सगळी एकत्र ओतली. पोटात येगळी ऱ्हाते काय?”

हळवी म्हणजे लवकर पिकणारी, गरवी म्हणजे उशिरा. दोन्हींचे दाणे थोडे वेगळे. मी विचारलं, मग तुमच्या जात्यावर कशी दळली जाते? त्यांनी जात्याची वरची तळी, म्हणजे वरचा दगड, उचलून दाखवली. मधल्या खुंट्यावर जुन्या लुगड्याच्या चिंधीची एक कडी होती. ती जाड घातली की वरची तळी उचलली जाते, पातळ घातली की खाली बसते. आवाज ऐकून त्या कडी बदलत. पहिली खेप जाड कडीवर, पाखडून राहिलेली पातळ कडीवर. मी माझ्या मापाच्या पात्या काढून फट मोजली. एका बाजूला एक भरली, दुसऱ्या बाजूला दुसरीच. मी लिहिलं: ‘फट अनियंत्रित.’ आजींची वरई त्या अनियंत्रित फटीतून पांढरी होऊन सुपात पडत होती आणि मी तिच्याकडे बघत ते लिहिलं.

तेवढ्यात परीक्षण समितीची तारीख आली. आमच्या प्रकल्पाला पुढचा टप्पा द्यायचा की नाही हे ती ठरवणार होती. प्रात्यक्षिक जव्हारला, एका भाड्याच्या सभागृहात, मे महिन्याच्या शेवटी. अट अशी की धान्य स्थानिक असावं. पुण्याची वरई चालणार नाही.

म्हणून प्रात्यक्षिकाच्या आदल्या दिवशी मी पोशेऱ्याला गेलो आणि आजींना म्हणालो, “आजी, मला एकसारखा दाणा पाहिजे. भरलेला, स्वच्छ, एका मापाचा. तुमच्याकडे सगळ्यात चांगली असेल ती वरई द्या.”

आजींनी थोडा विचार केला. मग चुलीच्या वर धुरात टांगलेला एक वाळका भोपळा काढला, तोंडाचं बूच काढलं आणि माझ्या ओंजळीत थोडे दाणे ओतले. दाणे राखेत घोळलेले होते. फुंकर मारली तर खाली एकसारखे, टपोरे, जणू मी फटीसाठी घडवून घेतलेले दाणे.

आता हे मला नीट सांगितलं पाहिजे, कारण पुढे केंद्रात मी सगळ्यांना हेच सांगितलं की मला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. जव्हारला आमच्या खोलीत माझी आई पावट्याच्या आणि घेवड्याच्या बिया राखेत घालून फळीवर ठेवायची आणि आम्ही हात लावला तर हातावर मारायची. राख लावून, वेगळं, धुरात कोण काय ठेवतं हे मला दहाव्या वर्षीच कळलं होतं. माझ्या डोक्यात ‘बियाणं’ हा शब्द आला. मी तो शब्द बाजूला ठेवला, आणि विचारलं, “आजी, हे सगळं नेऊ का? उद्या पाहुणे येणार आहेत, त्यांना दाखवायचंय.”

“दाखव की,” आजी म्हणाल्या. “दरसाल शेतीवाले सायेब येतात, हातात घेतात, फोटू काढतात, जातात.”

त्यांना वाटलं मी दाखवून परत आणणार. मी ‘सडणार’ असं म्हणालो नाही. पायलीभर दाणे असतील. भोपळा मी मांडीवर घेऊन जीपमध्ये बसलो. शेजारच्या माणसाने विचारलं, “बी घेऊन कुठं?” मी खिडकीबाहेर बघितलं.

प्रात्यक्षिक इतकं सुंदर झालं की आजही मला त्याचा अभिमान वाटतो आणि त्या अभिमानाची शरम वाटते. राख मी सकाळी धुऊन, दाणे सुकवून घेतले होते. वरून तपकिरी दाणा, खालून पांढरा. एक फुटला नाही, एक सुटला नाही. समितीच्या अध्यक्षांनी दाणे तळहातावर घेतले, चष्मा वर करून बघितले आणि म्हणाले, “याला म्हणतात अचूकता.” टाळ्या झाल्या. त्या भरात मी भोपळा उपडा केला. थोडे दाणे मागे ठेवावेत एवढंही सुचलं नाही. खरं तर सुचलं होतं, पण तेवढ्यात कुणी तरी व्हिडिओ घेत होतं.

त्या दिवशी एकादशी होती. जेवणाची सोय करणाऱ्याने डाळ-भात, भाजी मांडली होती आणि अध्यक्षांचा उपवास निघाला. सगळे अस्वस्थ झाले. मग अध्यक्षच हसून म्हणाले, “अहो, भगर तर इथेच आहे!” ती इतकी सहज आणि समयोचित सूचना होती की पुन्हा टाळ्या झाल्या. यंत्रातून निघालेली वरई आत गेली आणि शेंगदाण्याच्या आमटीबरोबर बाहेर आली. ज्यांचा उपवास नव्हता त्यांनीही घेतली. एका सदस्याने ‘मातीचा स्वाद’ असा शब्दप्रयोग केला. अध्यक्षांनी दोनदा वाढून घेतली. मीही घेतली. चव चांगली होती, थोडा धुराचा वास होता. तो वास कशाचा हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं, आणि मी आमटी पुढे ओढली.

चार दिवसांनी मी पोशेऱ्याला गेलो. रिकामा भोपळा, आजींसाठी एक शाल आणि सहभागाचं एक प्रमाणपत्र, असं घेऊन. घरात सून आली होती. चाळिशीची, काटक बाई. भिवंडीहून आदल्याच दिवशी परतली होती, नवरा अजून तिकडे कामावरच होता. दारापुढच्या तुकड्यावर राब भाजलेला दिसत होता. राब म्हणजे पालापाचोळा आणि शेण पसरून जाळलेली जमीन. तिच्यात बी टाकतात, रोप आलं की उपटून शेतात लावतात. जमीन काळी, भुसभुशीत, तयार होती.

सूनबाईंनी माझ्या हातातला भोपळा घेतला, हलवला, आणि आत बघितलं.

“बी कुठाय?”

मी प्रमाणपत्र पुढे केलं. त्यांनी ते घेतलं नाही.

“सायेब, बी कुठाय?”

“ताई, ते प्रात्यक्षिकात... म्हणजे यंत्रात सडलं.”

“सडलं? पेरायचं बी सडलं?” त्या सासूकडे वळल्या. “तू दिलंस?”

“मी बघाया दिलं,” आजी म्हणाल्या. “मला काय ठाव सायेब खाईल.”

“मग सडलेली वरई तरी कुठाय?”

यानंतर जे मी सांगितलं ते सांगताना मी वाक्यात कर्ता येऊ दिला नाही. वरईचा भात झाला. तो वाढला गेला. तो संपला.

“कोणी खाल्ला?”

“कमिटीने.”

“तू खाल्लास?”

“हो.”

त्या हसल्या. ते हसू मी कधी विसरणार नाही, कारण त्यात राग नव्हता. समोरचा माणूस मूर्ख आहे एवढंच आधी कळलेलं नव्हतं आणि आता कळलं, असं ते होतं. “शिकलेला हायस ना? सडलेलं बी उगवत नाय, एवढं तरी शिकलास काय?”

मी माफी मागितली. एकदा मागितली ती योग्यच होती. मग पुन्हा मागितली, जरा लांबलचक, आईच्या पावट्याच्या बियांसकट. माझ्या मनावरचं ओझं हलकं व्हावं म्हणून मी त्यांच्या अंगणात उभा राहून ते त्यांच्यासमोर रिकामं करत होतो. चौथ्या वाक्याला त्या म्हणाल्या, “बाजूला हो, कोंबड्या आत जातायत.”

त्यांनी मग अडचण सांगितली, तक्रार म्हणून नव्हे, एखादा हिशेब समजावावा तशी. ही हळवी वरई होती. यांची माळावरची जमीन खडकाळ, तिच्यात माती वीतभर. पावसाचा जोर सरला की आठ दिवसांत ओल जाते. ओल आहे तोवर पिकते ती फक्त ही जात. घरातलं जुनं भात आणि नागली, म्हणजे नाचणी, संपलेलं असतं, नवं यायला अजून अवकाश असतो, त्या दिवसांत ही वरई घरात येते. हळवीचं बी नसेल तर माळ पडीक आणि ते दिवस उसनवारीचे. पाऊस बारा-पंधरा दिवसांवर होता. त्याच्या आत बी मिळालं पाहिजे होतं.

“मी आणतो,” मी म्हणालो. पेरणीच्या आत बी आणून देणं हे त्या क्षणापासून माझं काम झालं, असं मी ठरवलं. त्यांनी ते ठरवलं नव्हतं.

मी मोखाड्याच्या आठवडे बाजारात गेलो. तिथे खायची वरई होती, सरमिसळ. एक विक्रेती म्हणाली, “बी पाहिजे? बी बाजारात येतं काय, बाबा? घरात असतं.” जव्हारच्या दुकानात सुधारित वाणाची पिशवी मिळाली. दाणे इतके एकसारखे होते की माझा जीव सुखावला. मी ती पिशवी विजयी चेहऱ्याने पोशेऱ्याला नेली. ताईंनी पाठीमागची अक्षरं माझ्याकडूनच वाचून घेतली. पिकायला लागणारे दिवस मी मोठ्याने वाचले आणि वाचता वाचताच माझा आवाज खाली आला.

“तेवढे दिवस माळ थांबंल काय?” त्या म्हणाल्या. “खाली लाव तुझ्या गावात.”

याच आठवड्यात समितीची ऑनलाइन बैठक होती. मी ठरवलं की कबूल करायचं. मी खरोखर कबूल केलं, कॅमेऱ्यासमोर, सगळ्यांदेखत: धान्य निवडून आणलेलं होतं, सरमिसळ वरईवर आपलं यंत्र चालत नाही, आणि आपण त्या दिवशी जे खाल्लं ते एका घराचं बियाणं होतं. मला वाटलं आता प्रकल्प बंद होईल, आणि ती शिक्षा मला हवी होती.

अध्यक्ष म्हणाले, “किती प्रामाणिक निरीक्षण! क्षेत्रावर गेल्याशिवाय अशी अंतर्दृष्टी मिळत नाही.”

एक सदस्य म्हणाले, “यावर स्वतंत्र टप्पा होऊ शकतो. बियाण्याबाबत संवेदनशील रचना.”

“शोधनिबंधही,” तिसरे म्हणाले.

दुसरा टप्पा त्याच बैठकीत मंजूर झाला. माझा अपराध कार्यवृत्तात ‘शिकलेल्या गोष्टी’ या सदरात दुसऱ्या क्रमांकावर गेला. पहिला क्रमांक दांड्याच्या उंचीचा होता. त्या घराला बी कुठून मिळणार, असं मी विचारलं. अध्यक्षांनी फार आपुलकीने सांगितलं की तो मुद्दा प्रकल्पाच्या कक्षेबाहेरचा आहे, पण माझी तळमळ नोंदवून घ्यावी.

मी परत पोशेऱ्याला गेलो तेव्हा ताई बाहेर निघाल्या होत्या. कमरेला पदर खोचलेला, हातात एक गाठोडं.

“कुठे निघालात?”

“नणदंकडं. जव्हारच्या पल्याड दिलीय तिला.”

“बी तिच्याकडे आहे?”

“पोरी लग्न होऊन जातात तवा घरचं बी घेऊन जातात. इथलं संपलं तर जिथं पोर गेली तिथं बघायचं. पेरत असंल तर हाय, नसंल तर नाय.”

हे त्यांनी पहिल्याच दिवशी का सांगितलं नाही, असं मी विचारलं.

“तू आणतो म्हणालास ना. म्हटलं फिरू दे, बरं वाटंल त्याला.”

मी बरोबर गेलो. मोखाड्यापर्यंत जीप, तिथून जव्हारची एसटी, पुढे पुन्हा जीप आणि शेवटी चढ. गाठोड्यात खुरासणीचं, म्हणजे कारळ्याचं, बी होतं. बी मागायला रिकाम्या हाताने जात नाहीत आणि बी विकतही घेत नाहीत, बियाला बी द्यायचं असतं, असं त्यांनी वाटेत सांगितलं. मला तेवढं पुरे वाटलं नाही. नणंदेच्या ओटीवर बसल्या बसल्या मी खिशातून पाकीट काढलं. नणंद धाकटी असली तरी जबरदस्त बाई होती. तिने पाकिटाकडे बघितलं, मग वहिनीकडे.

“ह्यो कोण गं वहिनी?”

“बी खाल्लेला सायेब.”

“हाच काय! मला वाटला मोठ्या पोटाचा असंल.” मग माझ्याकडे वळून, “ठेव ते पाकीट आत. माझ्या आईच्या घरचं बी मी वहिनीला विकू?”

मी पाकीट ठेवलं आणि दोघींचं बोलणं ऐकत बसलो. आधी घरच्यांची चौकशी, मग भिवंडीच्या कामाची, मग कुणाच्या तरी लग्नाची. बियाचं नाव निघेना. मी दोनदा घड्याळ बघितलं. चहा झाला, भाकरी झाली. मग नणंद उठली आणि आतून एक मडकं घेऊन आली.

“सगळं दिलं असतं,” ती म्हणाली, “पण गेल्या साली माझीच कमी झाली. रानडुकरं घुसली.”

तिने मडक्यातले दाणे सुपात ओतले. दोन शेरही नसतील. हाताच्या कडेने मधोमध रेघ काढली, एक बाजू वहिनीकडे सरकवली. मग थोडं थांबून रेघ पुसली आणि आपल्या बाजूचे मूठभर दाणे तिकडे लोटले. दाणे राखेत घोळलेले होते. ताईंनी गाठोडं सोडून खुरासणी तिच्या ओंजळीत घातली. मी एकटाच ‘धन्यवाद’ म्हणालो, आणि नणंदेने विचारलं, “तुला कशाला? तुला काय दिलंय मी?”

परतीच्या गाडीत बियाचं पुडकं ताईंच्या कमरेला होतं. मी सुचवलं की माझ्या बॅगेत सुरक्षित राहील. त्यांनी कमरेचा पदर आणखी घट्ट खोचला.

पेरणीच्या दिवशी मी सकाळीच हजर झालो. मला कुणी बोलावलं नव्हतं. ताईंनी राबाच्या एका कोपऱ्यात, चार पावलं लांब आणि तीन पावलं रुंद तुकड्यावर, बी फेकलं. मूठ सैल, मनगट ढिलं, दाणे सारखे पसरत होते. बाकीच्या काळ्या जमिनीवर त्यांनी नागली टाकली. वरईचा कोपरा इतका लहान होता की मला तिकडे बघवेना.

“एवढ्यात माळ भरेल?” मी विचारलं.

“नाय भरणार. यंदा जे येईल ते खायाचं नाय, सगळं बी धरायचं. पुढल्या साली माळ भरंल.”

म्हणजे त्या वर्षी, आधीचं संपून नवं येईपर्यंतच्या त्या दिवसांत, त्यांच्या घरात वरई नव्हती. हे त्यांनी नागलीची टोपली उचलता उचलता सांगितलं. मी तेवढ्या दिवसांचं धान्य पोचवतो म्हणालो. “आणशील तर आण,” त्या म्हणाल्या, “पण सायेब, आता उभा नको राहू. मला खालच्या शेतात जायचंय, सासूला लांबचं दिसत नाय. तू इथं बस आणि पाखरं हाकल.”

बी फांदीने मातीत सारलं होतं, तरी वर राहिलेले दाणे टिपायला चिमण्या आणि लावे झुडपात टपून होते. ताईंनी मला एक लांब काठी दिली. मी बांधावर बसलो. दहाच्या सुमाराला केंद्रातून फोन आला. दुसऱ्या टप्प्याच्या उद्घाटनाला कुणाला बोलवायचं हे विचारत होते. मी बोलायला उठलो तेवढ्यात शेजारची एक कोंबडी तिरकी चालत आली आणि वरईच्या कोपऱ्यात शिरली. मी फोन टाकून धावलो. ती गेली, वळली, पुन्हा आली. मी इतका धावलो की माझ्याच पावलांनी राबाची एक कड तुडवली गेली.

ताई दुपारी परतल्या. मी उभा राहून सगळं सांगितलं. चिमण्या उतरू दिल्या नाहीत, पण कोंबडी दोनदा आली, साधारण वीस-पंचवीस दाणे टिपले असतील, आणि कड माझ्या पायाने दबली.

त्यांनी वाकून दबलेली माती बोटांनी मोकळी केली.

“कोंबडीचं जाऊ दे,” त्या म्हणाल्या. “पाखरांचं, कोंबडीचं, मुंगीचं आम्ही धरूनच टाकतो. कमिटीचं धरलं नव्हतं.”

मग त्यांनी माझ्या हातातली काठी घेतली, तिचं टोक माझ्याच मागे उतरलेल्या एका चिमणीवर उगारलं, काठी परत माझ्या हातात दिली आणि भाकरी आणायला आत गेल्या.